आरंभीची शिल्लक

नीतीचे प्रश्न रणांगणावर, राजसभेत किंवा न्यायालयात उभे राहतात, असा आपला एक समज आहे. अर्जुनाचा संभ्रम आपल्याला प्रश्न वाटतो. दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाचा संभ्रम मात्र 'हा व्यवहार आहे' असे म्हणून आपण बाजूला सारतो. वस्तुतः बहुसंख्य माणसांच्या वाट्याला रणांगण येतच नाही. त्यांच्या नीतीची परीक्षा होते ती उधारीच्या वहीत, वाटणीच्या कागदावर आणि चाकराच्या पगारात. म्हणून आम्ही आज दिसायला क्षुल्लक असा एक प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत. वर्ष संपल्यावर लहान व्यापाऱ्याने आपला जुना हिशेबनीस बदलावा काय, आणि बदलायचा तर कसा?

आपल्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर अशीरगड आणि बऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले. पुढच्या काळात या भागात जी मराठी घराणी स्थिरावली, त्यांत तलवारीच्या बरोबरीने लेखणी घेऊन आलेली माणसे होती. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार, देशपांडे, कुलकर्णी ही आडनावे म्हणजे मुळात हिशेबाची आणि लिखापढीची पदेच होत. दुसऱ्याचा हिशेब लिहिणे हा आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांचा धर्म होता, आणि तो लिहिताना त्यांना आलेला मान व लागलेला डाग या दोहोंचे आपण वारस आहोत.

डाग हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. गावचा कुलकर्णी वतनदार असे. त्याचे पद बापाकडून मुलाकडे जाई आणि त्याला बदलणे गावाच्या हाती नसे. हिशेब मोडीत लिहिलेला. ज्या कुणब्याच्या जमिनीचा तो हिशेब, त्याला मोडी वाचता येत नसे. परिणामी आपल्याच शेताची बाकी त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागे. जोतीराव फुल्यांनी एकोणिसाव्या शतकात कुलकर्ण्याच्या लेखणीवर जे आसूड ओढले, त्यांच्या मुळाशी हे दुःख होते. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली. या इतिहासातून एक गोष्ट निश्चित कळते. जो हिशेबनीस बदलताच येत नाही, तो कालांतराने हिशेबाचा मालक होऊन बसतो. म्हणून बदलण्याचा हक्क असणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो त्या हक्काच्या वापराचा.

काही दिवसांपूर्वी तुकईथड येथील एक दुकानदार आमच्याकडे आले होते. खते, बियाणे, औषधे यांचे वडिलार्जित दुकान. त्यांच्या वडिलांच्या काळी आपला जिल्हा पूर्व निमाड होता आणि जिल्ह्याचे ठिकाण खंडवा. त्यामुळे विक्रीकराचे काम खंडव्याच्या एका वकीलसाहेबांकडे गेले ते तिथेच राहिले. पुढे २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, २००६ साली व्हॅट आला, २०१७ साली जीएसटी आला, पण वहीची पिशवी खंडव्यालाच जात राहिली. वडील अकस्मात गेले तेव्हा याच वकीलसाहेबांनी दुकानाचे विस्कटलेले कागद लावून दिले आणि त्या वर्षाची फी घेतली नाही. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. काम एक मदतनीस मुलगा पाहतो. विवरणपत्रास उशीर होतो आणि विलंबशुल्क दुकानाला भरावे लागते. बऱ्हाणपुरात एका तरुण सनदी लेखापालाने कार्यालय थाटले आहे. मार्च संपला होता आणि दुकानदारांचा विचार पक्का झाला होता.

"मग अडचण कोणती?" आम्ही विचारले.

"काका, अडचण सांगण्याची आहे. तोंडावर कसं सांगू? बँकेला कर्जासाठी दाखवायचे आहेत म्हणून कागद मागून घेतो. पोर्टलवरचा मोबाइल नंबर बदलून टाकतो. पुढे त्यांचं त्यांच्या लक्षात येईलच."

गेल्या वर्षाची फी द्यायची राहिली होती, हेही त्यांनी ओघात सांगितले. घरात दोन मते पडली होती. मुलगा म्हणत होता की फी देतो, काम घेतो. यात नाते कुठून आले? आईचे म्हणणे असे की ज्या माणसाने पडत्या काळी घराची लाज राखली, त्याला म्हातारपणी सोडणे हे पाप आहे. आम्हांस या दोन्ही मतांत सत्याचा अंश दिसला आणि दोन्ही अपुरी वाटली.

प्रथम आईच्या मताचा विचार करू. उपकाराची जाणीव ठेवलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण उपकाराची फेड कामाने करायची असे ठरवले, तर दुकानाचे नुकसान कोण सोसणार? दुकानदारावर वकीलसाहेबांचे ऋण आहे, तसे त्याच्या मुलाबाळांचे आहे, नोकरांचे आहे, आणि ज्याला वेळेवर पावती मिळायला हवी त्या शेतकऱ्याचेही आहे. एकाचे ऋण दुसऱ्याच्या खात्यातून फेडणे हा हिशेबात जसा दोष, तसा नीतीतही दोषच. शिवाय ज्याचे काम आता जमत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला केवळ दयेपोटी काम देत राहणे यात त्याचाही सन्मान नाही. मोठ्या उद्योगांच्या बाबतीत तर बदल ही कायद्यानेच सक्तीची गोष्ट केली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या आणि इतर काही मोठ्या कंपन्यांना एकच व्यक्ती लेखापरीक्षक म्हणून सलग पाच वर्षांपेक्षा अधिक आणि एकच संस्था सलग दहा वर्षांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. तुकईथडच्या दुकानाला हा नियम लागू नाही. पण हिशेबनीस बदलणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे, हे तत्त्व त्यातून घेता येते.

याच संदर्भात संत एकनाथांची ती सर्वश्रुत कथा आठवते. देवगडावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर वह्या चाळीत बसले, आणि चूक सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजवली, असे परंपरा सांगते. कीर्तनकार तिथून परमार्थाकडे वळतात. आम्ही क्षणभर त्या पैपाशीच थांबतो. ती पै नाथांची नव्हती. हिशेब दुसऱ्याचा, चूक शोधण्याचे कष्ट आपले, आणि आनंद मात्र स्वतःची वस्तू सापडल्यासारखा. हिशेबनिसाच्या धर्माचे मर्म यात आहे. वही मालकाची असते. वहीतला खरेपणा लिहिणाऱ्याचा असतो. मालक वही परत मागू शकतो. त्या खरेपणासाठी घालवलेल्या रात्री मात्र त्याला परत करता येत नाहीत. मुलाचे मत अपुरे पडते ते इथे. फीने श्रमाचे मोल चुकते होते. विश्वासाचे मोल त्यात धरलेले नसते.

आता काळाचा प्रश्न. एके काळी व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीला फिरे. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा व्हायची, आणि मुनीम ठेवायचा की सोडायचा हेही त्याच सुमारास ठरे. सरकारचे आर्थिक वर्ष १८६७ पासून १ एप्रिल ते ३१ मार्च असे आहे. पण आयकरासाठी दिवाळीचे वर्ष धरण्याची मुभा व्यापाऱ्याला पुढेही दीर्घकाळ होती. १९८९ पासून ती संपली आणि सर्वांना मार्चअखेर एकच झाली. वहीपूजन उरले, पण वही बदलण्याचा दिवस चैत्रात गेला. त्यामुळे मार्च संपला की हिशेबनीस बदलण्यास मोकळीक मिळाली, असे वाटते.

परंतु वर्ष संपते आणि वर्ष मिटते यांत अंतर आहे. ३१ मार्चला फक्त नोंदी थांबतात. मालाची मोजदाद, येणे-देणे जुळवणे, ताळेबंद, आयकराचे विवरण, जीएसटीचे वार्षिक विवरण हे सारे त्यानंतरच्या महिन्यांत व्हायचे असते. ज्याने बारा महिने नोंदी केल्या त्याला एप्रिलमध्ये बाजूला सारले, तर नव्याला दुसऱ्याच्या नोंदींवर स्वतःची सही करावी लागते. आणि चूक निघालीच, तर ती कुणाची हे ठरवणे अशक्य होऊन बसते. म्हणून आमचे मत असे की, संशयाचे सबळ कारण नसेल तर ज्याने वर्ष लिहिले त्याच्याकडूनच ते मिटवून घ्यावे आणि नव्याने नव्या वर्षापासून लिहावे. विलंबशुल्काची धास्ती असेल, तर कागद वेळेआधी द्यावेत आणि मुदत आधीच ठरवून घ्यावी. संशय असेल तर गोष्ट वेगळी. पण मग त्याला संशय हेच नाव द्यावे, सोय म्हणू नये.

सरकारी नोकरीत बदली झालेला अधिकारी कार्यभार सोपवतो तेव्हा एक यादी होते. नस्त्या किती, रोकड किती, कोणती कामे अपुरी, हे लिहून देणारा आणि घेणारा दोघेही सही करतात. आम्ही आयुष्यात अशा अनेक याद्यांवर सह्या केल्या. त्या यादीत एक शहाणपण आहे. ती जाणाऱ्यावर अविश्वास दाखवीत नाही; उलट त्याने जे नीट ठेवले ते नीट होते, याचा पुरावा त्याच्याच हाती देते. खासगी व्यवहारात अशी यादी मागितली तर समोरच्याला राग येईल, असे आपण धरून चालतो. अनुभव असा की, राग येतो तो यादी न करता कागद नेल्याने.

कागदांचा आणि थकलेल्या फीचा प्रश्न याहून नाजूक आहे. १८७२ चा करार कायदा मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्याविषयी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगतो. नेमणूक रद्द करायची तर वाजवी पूर्वसूचना द्यावी; आणि उलट बाजूने, वेगळा करार नसेल तर, ज्या कामाचा मोबदला थकला त्या कामाचे कागद प्रतिनिधीला अडवून ठेवता येतात. परंतु वकिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निराळा निर्णय दिला, आणि ते प्रकरण आपल्याच राज्यातले होते. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने आपल्या विधी-सल्लागाराला १९९३ साली कामातून मुक्त केले व कागद मागितले. आधी माझी थकबाकी द्या, असे सल्लागाराचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की पक्षकाराच्या फाइली अडवण्याचा हक्क वकिलाला नाही. फीसाठी त्याने इतर कायदेशीर मार्ग धरावा. जीएसटीचा कायदाही हिशेबाच्या वह्या व्यापाऱ्याने आपल्या मुख्य व्यवसायस्थळी ठेवाव्यात आणि वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने जपाव्यात, असे सांगतो. जबाबदारी व्यापाऱ्यावर आहे, म्हणजे ताबाही त्याचाच हवा. तरीही आज किती दुकानदारांचे ओटीपी हिशेबनिसाच्या मदतनिसाच्या मोबाइलवर येतात, हे वाचकांनी आसपास पाहावे. मोडी गेली, वतन गेले. पण आपल्या हिशेबाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवण्याची सवय गेलेली नाही. ती वेळीच स्वतःकडे घ्यावी, आणि संबंध चांगले असतानाच घ्यावी.

कागद आपले आहेत हे एकदा मान्य केले, की फी त्यांची आहे हेही तितक्याच ठामपणे मान्य करावे लागते. सनदी लेखापालांच्या व्यवसायात यासाठी एक चांगली शिस्त आहे. १९४९ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे, एका सनदी लेखापालाकडे असलेले लेखापरीक्षणाचे काम दुसऱ्याने स्वीकारण्यापूर्वी पहिल्याला लेखी कळवलेच पाहिजे. आणि लेखापरीक्षणाची निर्विवाद फी थकलेली असताना नव्याने ते काम घेऊ नये, अशीही मार्गदर्शक सूचना आहे. वकीलसाहेब सनदी लेखापाल नव्हते, तेव्हा आमच्या दुकानदारांना या नियमाची अडचण नव्हती. पण नेमका इथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो. जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. अजाण गिऱ्हाइकालाही तो वाजवी भावाने माल देतो, कारण त्यामुळे दुकानाचे नाव टिकते. कृती योग्य आहे, पण ती कर्तव्यबुद्धीने केलेली नाही, असे कांट म्हणतो. नवा लेखापाल अडवील म्हणून जुन्याची फी देणारा माणूस त्याच जातीचा. कुणी अडवणार नाही हे ठाऊक असताना जो आधी फी पोचती करतो, त्याच्याविषयीच आपल्याला काही खात्रीने म्हणता येते.

त्या लेखी कळवण्याच्या नियमात आम्हांस एक खोल अर्थ दिसतो. नवा माणूस जुन्याला कळवतो तेव्हा त्यात एक अनुक्त प्रश्न असतो: हे काम मी घेऊ नये असे काही कारण आहे काय? कारण बदलामागे नेहमीच उशीर किंवा अंतर नसते. कधी कधी जुना हिशेबनीस खोट्या पावतीची नोंद करण्यास नकार देतो. विक्री कमी दाखवणार नाही, असे सांगतो. आणि मालकाला तो अकस्मात 'जुन्या विचारांचा' वाटू लागतो. अशा वेळी माणूस बदलणे म्हणजे आरसा बदलणे होय. बाहेरून दोन्ही बदल सारखेच दिसतात. तेच कागद, तीच पिशवी, तोच एप्रिल महिना. फरक असतो तो कारणात.

म्हणून आमच्या मते या साऱ्या प्रश्नाची कसोटी एकच आहे. ज्या कारणासाठी आपण एखाद्याला सोडतो, ते कारण त्याच्या तोंडावर सांगता येते काय? येत असेल, तर सोडणे न्याय्य आहे. मग कृतज्ञता, फी, कागद, मुदत हे सारे प्रश्न बोलून सुटतात. येत नसेल, तर एक तर कारण खोटे आहे, किंवा आपण भित्रे आहोत. बँकेच्या कर्जाचे निमित्त करून कागद मागणे हा लहानसा असत्याचा मार्ग वाटतो. पण पंचवीस-तीस वर्षे ज्याच्या लेखणीने आपल्या घराचे खरे लिहिले, त्याच्याशी शेवटचा व्यवहार आपण खोट्याने करतो आहोत, हे त्यात विसरले जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. लहान गावांत माणसे लग्नाकार्यात, बाजारात पुन्हा पुन्हा भेटतात. कठोर सत्य सांगून मन दुखावण्यापेक्षा गप्प राहणे हीच दया नव्हे काय? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. मौनाने दुःख टळत असते, तर आम्ही मौनाच्या बाजूने उभे राहिलो असतो. पण दुःख टळत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून पोचते. वकीलसाहेबांना ते मदतनिसाकडून कळेल, ओटीपी येईनासा झाला तेव्हा. मग ते स्वतःशी कारण शोधीत बसतील: आपली चूक झाली काय, कुणी कान भरले काय, आपल्या सचोटीवर शंका घेतली काय? खरे कारण एवढेच होते की अंतर लांब आहे आणि वय झाले आहे. हे ऐकणे जड असले तरी त्यात कलंक नाही. न सांगण्याने मात्र त्यांच्या मनात कलंकाची शंका कायमची राहते. आणि ज्याला कारण सांगितले जाते त्याला उत्तर देण्याची संधीही मिळते. कदाचित तेच म्हणतील की आपणहून मोकळे होण्याची वाट पाहत होतो.

आम्ही दुकानदारांना इतकेच सुचवले की थकलेली फी घेऊन स्वतः खंडव्याला जावे, कारण खरे सांगावे, आणि सरलेल्या वर्षाचे काम वकीलसाहेबांच्या हातूनच पुरे करून घ्यावे. ते गेले. कागदांची यादी झाली व तिच्यावर दोघांच्या सह्या झाल्या, एवढे त्यांनी नंतर सांगितले. दोघांत काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही; ते त्या दोघांचे होते.

जमाखर्चाच्या शास्त्रात एक साधा नियम आहे. जुन्या वर्षाची अखेरची शिल्लक हीच नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक. नवा हिशेबनीस कितीही हुशार असो, संगणक कितीही वेगवान असो, नव्या वहीची पहिली ओळ जुन्या माणसाने काढलेल्या आकड्याचीच असते. त्या आकड्यावर विश्वास ठेवूनच पुढचे सारे लिहिले जाते. माणसांच्या संबंधांतही हाच नियम चालतो. एखाद्याला आपण ज्या रीतीने निरोप देतो, ती रीत पुढच्या माणसाशी सुरू होणाऱ्या व्यवहारात आपोआप ओढली जाते. कारण निरोप कसा दिला हे नवा माणूसही पाहत असतो, आणि एक दिवस तोही जुना होणार असतो.